पासरीचा दगड

तात्या, काल सकाळी साडेसहाला मी पिंपळीत देव चोरायला आले होते. हातात बाजाराची कापडी पिशवी, डोक्यावर पदर, पायात आवाज न करणाऱ्या रबरी चपला. एकसष्ट वर्षांची बाई, झेडपीच्या शाळेत जन्मभर पोरांना 'दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये' असं शिकवलेली. तुम्ही पायरीवर बसलेले असतात तर म्हणाला असतात, "या बाई. पिशवी पुरंल का? का पोतं देऊ?"

तुम्ही नव्हतात म्हणून तर आले.

तुम्हाला जाऊन सव्वीस दिवस झाले. तेराव्याला माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मी आपली वाढप्यांवर ओरडत होते, शेवटच्या पंगतीला आमटी पोचली नाही म्हणून. लोक म्हणाले असतील, काय बाई आहे! रडू फुटलं ते परवा, बारामतीत, स्टेशनरीच्या दुकानात. मेच्या कॅम्पसाठी सुतळी, ब्रश, पुठ्ठे घ्यायला गेले होते. दुकानदारानं विचारलं, "बाई, यंदा पोरं किती?" आणि मी म्हटलं, "थांबा, तात्यांना विचारून सांगते." पर्समधून फोन काढला, तुमचं नाव शोधलं, आणि मग तिथंच त्याच्या स्टुलावर बसले. बिचाऱ्यानं पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, ऊन लागलं.

आपली पहिली भेटच भांडणाची. बारा वर्षं झाली त्याला. मी माझी सातवीची पोरं घेऊन तुमचं म्युझियम बघायला आले होते. म्युझियम कसलं, खताचं जुनं गोदाम. आत शिरलं की अजून युरियाचा वास यायचा. वालचंदनगरला कंपनीत लाकडी साचे करता करता तुमची हयात गेली, क्वार्टर सोडून गावी आलात आणि स्वस्थ बसायचं सोडून लोकांच्या माळ्यावरचं, गोठ्यातलं जुनंपानं गोळा करत सुटलात. दारावर तुम्ही स्वतः कोरलेली पाटी होती, 'म्युझियम. हात लावा.' आणि मी दारातच पोरांना बजावत होते, "सगळ्यांनी हाताची घडी! कुणी कशाला हात लावायचा नाही!"

आत गेलो तर माझ्याच वर्गातल्या एकानं पाभरीचं चाडं, पेरताना ज्यात बी धरतात ते लाकडी, टोपीसारखं डोक्यावर घातलं. मी खेकसले. तुम्ही कोपऱ्यातून म्हणालात, "आसू द्या की बाई."

"अहो, पडलं तर फुटेल ते!"

"फुटलं तर जोडता येतंय. साचेवाला हाय मी." आणि त्या पोराच्या डोक्यावरचं चाडं सरळ करून दिलंत. वर त्याला म्हणालात, "झ्याक दिसतंय. आता सांग बरं, ह्ये खरं कुठं बसवत्यात?"

माझा पारा असा चढला होता ना! पण जाताना तुम्ही सगळ्या पोरांना ताक पाजलंत, आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "मे म्हैन्यात धा दिवस पोरं बोलवायची हायती. मला वस्तू ठाव हायती, पोरं न्हाय. तुमाला पोरं ठाव हायती. येताय का?" सुट्टीत मी घरी काय करणार होते, लोणची घालणार. आले. तेव्हापासून दर मेमध्ये दहा दिवस, सकाळी नऊ ते एक.

काय दिवस होते हो ते. बारामतीची पोरं यायची टोप्या, गॉगल, गळ्यात रंगीत बाटल्या अडकवून. वस्तीवरची यायची खिशात कैऱ्या कोंबून. अकरा वाजेपर्यंत दोन्हीकडच्यांचे हात आंब्यानं सारखेच चिकट. मी ओला फडका घेऊन त्यांच्यामागं, आणि तुम्ही पुढं पुढं, "उचलून बघ. वास घिऊन बघ. वाजवून बघ." पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक वस्तू द्यायची, तिचं नाव सांगायचं नाही. "जा गावात. तीन म्हाताऱ्या माणसांना इचार, ह्ये काय हाय. तिघांचं येगळं निघालं तर तिन्ही लिव्ह." तुमचा कंपनीतला हजेरीचा पितळी बिल्ला एकीच्या वाट्याला आला. एक आजोबा म्हणाले, हा बैलाच्या गळ्यातला. एक आजी म्हणाल्या, माझ्या सासूच्या पेटीचा. तिसरे आबा खेकसले, "ह्यो तात्याचा हाय. गेल्या साली बी पोरांनी ह्योच आणला हुता. पळा!" ती पोरगी तिन्ही उत्तरं लिहून घेऊन आली, तिसऱ्यातलं 'पळा' सुद्धा लिहिलं होतं. तुम्ही इतके हसलात की टोपी पडली.

तुमचा नियम मात्र एकच होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. वापरात असलेली वस्तू घ्यायची नाही. तावऱ्यांच्या म्हातारीनं जातं आणून दिलं. तुम्ही विचारलंत, "ह्येच्यावर शेवटचं कवा दळलं?" ती म्हणाली, "दोन वर्सं झाली. नातीच्या हळदीला." तुम्ही म्हणालात, "म्हंजी धाकटीच्या हळदीला बी लागंल," आणि ते जातं तुमच्या त्या खटारा स्कूटरवर बांधून तिच्या घरी परत सोडून आलात. मी म्हटलं, अहो, एवढं चांगलं जातं! तुम्ही म्हणालात, "त्याचं काम चालू हाय आजून. आपण रिटायर झालेल्यास्नीच घ्यायचं. माझ्यासारख्या."

मग मी आमच्या आप्पांचा दगड आणला.

आप्पा, माझे वडील, इंदापूरच्या आठवडी बाजारात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आला की तो तोलून द्यायचा, हे काम. लोखंडी वजनं येऊनसुद्धा ते बरीच वर्षं दगडाचं वजन वापरायचे. पासरीचा दगड, पाच शेरांचा. काळा, गोल गरगरीत, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला, आणि पोटावर टाकीनं ओढलेल्या पाच आडव्या रेघा, शेराला एक. आप्पांचं माझ्याकडं एवढंच उरलं होतं. ना फोटो, ना पत्र. मी तो तुमच्याकडं दिला, पण एका अटीवर. काचेच्या कपाटात राहील, हात लावायचा नाही. कपाटही मीच बारामतीहून आणून दिलं. तुम्ही कपाळाला आठ्या घातल्यात, "काचंत ठेवून काय उबवायचाय व्हय?" पण माझं तोंड बघून गप्प बसलात. खाली चिठ्ठी मी माझ्या अक्षरात लिहिली. 'पासरीचा दगड. कै. रामभाऊ मापाडी, इंदापूर, यांच्या वापरातला. यांनी आयुष्यात कधीही खोटं माप केलं नाही.' शेवटचं वाक्य मी दोनदा लिहून खोडलं होतं आणि तिसऱ्यांदा लिहिलं.

दोन वर्षं तो सुखानं काचेत राहिला. मग आला तो खड्ड्याचा दिवस.

कॅम्पच्या पाचव्या दिवशी पोरांना खणायला लावायचं, ही तुमची आवडती गंमत. गोदामामागं खड्डा करायचा, त्यात खापरं, बांगड्यांचे तुकडे, फुटकी पणती, गाडगी असं काहीबाही पुरायचं, वर माती सारखी करायची, सुतळीनं चौकोन पाडायचे आणि एकेका पोराला एकेक चौकोन. ब्रशनं माती झाडत झाडत वस्तू वर काढायची. त्या वर्षी पुरायला तुम्हाला काही दणदणीत मिळेना. आणि तुम्ही पहाटे काचेचं कपाट उघडून आप्पांचा दगड नेऊन पुरलात. मला न विचारता! आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मी पुढं लहान पोरांकडून कागदाची मोट करून घेत होते. मागं गलका झाला. स्वरा नावाच्या तिसरीतल्या पोरीच्या चौकोनात दगडाचं डोकं दिसायला लागलं होतं. तिची आजी, गोदाक्का, नेमकी तिचा डबा घेऊन आलेली. तिनं ते काळं गुळगुळीत डोकं बघितलं, पोटावरच्या रेघा बघितल्या, आणि चपला तिथंच टाकून धावली. "आगं थांब! ब्रश मारू नगंस! पाची बोटं उमटल्याती बघ द्येवाची!" पोरीच्या बाटलीतलं थंड पाणी तिनं दगडावर ओतलं, स्वतःच्या कपाळाचं कुंकू बोटानं त्याला लावलं. मी मागं जाईस्तोवर चार बायका जमल्या होत्या आणि कुणीतरी नारळ आणायला पळालं होतं.

मी ओरडले, "अहो, हा पासरीचा दगड आहे! आमच्या वडिलांचा!"

गोदाक्का शांत. "आसंल की बाई. पर भुईतनं वर आला का न्हाय?"

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही टोपी काढून हातात धरून उभे होतात. एक शब्द बोलायचा होता तुम्हाला, 'मी पुरलाय.' बास. तुम्ही गोदाक्काकडं बघितलंत, त्या पोरीकडं बघितलंत, ती हात जोडून डोळे मिटून बसलेली, आणि म्हणालात, "व्हय. आला."

आला म्हणे! मी पाय आपटत रस्त्यावर गेले आणि मिळेल त्या जीपनं बारामती गाठली. दुसऱ्या दिवशी आले तर दगडाला शेंदूर. शनिवारी तीन बाजूंनी विटा, वर पत्रा. मी तुम्हाला पोरांसमोर वाट्टेल ते बोलले. चोर म्हटलं. माझ्या मेलेल्या बापाला चव्हाट्यावर आणलंत म्हटलं. तुम्ही एकदाच म्हणालात, "बाई, आता त्यो वापरात आला. आपल्याला घेता येत न्हाय." तुमचा नियम माझ्याच तोंडावर! मी म्हटलं, "तात्या, पोरांसाठी मी येत राहीन. पण त्या दगडाचं नाव माझ्यापुढं काढलंत तर त्या दिवसापासून कॅम्प बंद."

तुम्ही चार वर्षं ते पाळलंत. मी गोदामाच्या मागच्या बाजूला पाऊल टाकलं नाही. खड्डासुद्धा तुम्ही दुसरीकडं, पुढच्या लिंबाखाली करायला लागलात. दर वर्षी शेवटच्या दिवशी, पोरं गेली की, तुम्ही दोन कप चहा घेऊन यायचात आणि घसा खाकरायचात. "बाई, एक सांगायचं हुतं."

"दगडाचं?"

"व्हय."

"मग नको."

आणि तुम्ही चहा प्यायचात. मुकाट. तसं म्हटलं तर ती चार वर्षं वाईट नव्हती. आपण पोरांवरून भांडलो, ताकात साखर घालायची की मीठ यावरून भांडलो, मोटेचं कातडं वाळवीनं खाल्लं त्याची चूक कुणाची यावरून महिनाभर भांडलो. एका वर्षी मला ताप होता तर तुम्ही सगळ्या पोरांना घेऊन फोनवरून मला 'गेट वेल सून' म्हणायला लावलंत आणि मागून तुमचा आवाज आला, "आरं मराठीत म्हणा की, बाई बऱ्या व्हा!" मी बरी झाले. तुमच्याइतकं मला कुणी सहन केलं नाही, तात्या. आमच्या घरातल्यांनीसुद्धा नाही.

जायच्या चार दिवस आधी तुमचा फोन आला. गाडगी किती सांगायची, एवढंच विचारायला. मग थांबलात. "बाई, त्ये एक ऐकाच आता. मी बी पिकलं पान."

"दगडाचं का?"

"व्हय."

"तात्या, कुकरची शिट्टी होतेय. नंतर बोलू."

शिट्टी होत नव्हती. चार दिवसांनी दुपारी तुम्ही जेवून पाभरीला तेल लावत बसलात आणि तिथंच कलंडलात. तुमच्या विलासचा फोन आला तेव्हा मी खरंच कुकर लावत होते.

तेराव्यानंतर विलासनं म्युझियमची किल्ली माझ्या हातात दिली. "बाई, कॅम्प घ्याल ना? तात्यांनी पोरांची नावं लिहून ठेवल्याती." घेईन म्हटलं. आणि मनात म्हटलं, पण आधी आप्पांचा दगड आत येईल. आता अडवायला कोण आहे? कपाट अजून आहे, चिठ्ठीही तशीच आहे, रिकाम्या जागेसमोर. सोमवारी कॅम्प सुरू व्हायच्या आत दगड धुऊन पुसून काचेत. म्हणून काल सकाळी, गाव आपापल्या कामात असताना, पिशवी घेऊन आले.

पण गाव कुठलं आपल्या कामात! मागं गेले तर तिथं टेम्पो उभा. भेंडीचे, वांग्यांचे क्रेट भरलेले, बारामतीच्या मार्केटला निघालेला. एक तरुण बाई, नंतर कळलं सुरेखा तिचं नाव, पत्र्याखाली वाकली, दोन्ही हातांनी तो दगड उचलला, पार छातीपर्यंत आणला, क्षणभर धरला आणि परत जागेवर ठेवला. एक वांगं त्याच्यापुढं ठेवलं. म्हणाली, "मापाडीबाबा, माप सरळ पडू दे."

मी पिशवीसकट जागच्या जागी.

"बाई? एवढ्या सकाळच्या?" गोदाक्का झाडून काढत होती. केस पार पांढरे झालेत हो तिचे. चार वर्षं मी तिच्याकडं बघितलंच नव्हतं.

मी विचारलं, "काय म्हणाली ती? कोण बाबा?"

"मापाडीबाबा. तुमचं वडील न्हवं का?" तिला वाटलं मी थट्टा करतेय. "त्याच दिशी सांजच्याला तात्या आलं. म्हणालं, गोदाक्का, चूक झाली, ह्यो म्याच पुरलाय पोरांच्या खेळापाई. आन् म्हणालं, ह्यो बाईंच्या वडलांचा हाय, त्ये इंदापूरच्या बाजारात माप करायचं. आमी म्हटलं, तात्या, मग तर लईच झ्याक! बाकीच्या दगडांचं कोण कुठलं कायबी ठाव नसतंय. ह्यो कोण त्ये तरी ठाव हाय."

"आणि उचलायचं काय ते?"

"त्ये तात्यांनीच सांगितलं. पोरं शिमीट लावाय निघाली हुती, तर म्हणालं, ह्येला चिकटवू नगा. वजन हाय, उचलायसाठीच केल्यालं. तवापास्नं मार्केटला माल चालला की एकदा उचलून ठेवायचा. त्याबिगर टेम्पो हालत न्हाय." मग माझ्या पिशवीकडं बघून म्हणाली, "न्यायला आलाय व्हय? न्या की. तात्यांनी सांगून ठेवलंय, बाईंनी मागितला तर इचारू नका, देऊन टाका. बाया हळहळत्याल जरा. पर तुमचा बाप हाय."

एवढंच सांगायचं होतं तुम्हाला. चार वर्षं, चहा घेऊन. आणि मी 'मग नको', 'मग नको'.

दगड नेला असता मी, तात्या. खरंच नेला असता. पण गोदाक्का सुरेखाला सांगायला लागली, "ह्या त्येंची ल्येक बरं का. ह्येंच्या वडलांनी जल्मात कवा काटा मारला न्हाय. तात्या पोरास्नी सांगायचं, काचंतल्या चिठ्ठीवर लिवलंय तसं. असा मापाडी घावतोय का कुठं? घावला तर द्येवच म्हणायचा." सुरेखानं मला नमस्कार केला. वाकून, पायाला हात लावून.

मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "गोदाक्का, ते खोटं आहे. चिठ्ठीवरचं. मी खोटं लिहिलंय."

आता तुम्हीही ऐका. मी नऊ वर्षांची होते. सुट्टी होती, आप्पांबरोबर बाजारात गेलेले. एक म्हातारी कांदे घेऊन आली होती, तिचा माल एका व्यापाऱ्यासाठी आप्पा तोलत होते. मी खाली बसलेले, पारड्यांच्या पातळीवर. दगडाच्या पारड्याच्या बुडाशी मला चिंचेचा गोळा दिसला, हा एवढा, चिकटवलेला. मला वाटलं चुकून लागलाय. चिंच म्हणजे माझा जीव. मी मोठ्यांदा म्हटलं, "आप्पा, इथं चिंच आहे, मी खाऊ?" आणि हात घालून ओढून काढली. काढली तशी कांद्याचं पारडं खाली गेलं. सगळ्यांच्या देखत. व्यापारी खोकला आणि दुसरीकडं बघायला लागला. म्हातारीनं कांदे पुन्हा पोत्यात भरले, पोतं डोक्यावर घेतलं आणि गेली. आप्पांनी मला मारलं नाही. तराजू तिथंच सोडला, दगड तेवढा उचलला, छातीशी धरला, आणि आम्ही चालत घरी आलो. मी रस्ताभर चिंच मुठीत धरून. त्या दिवसानंतर आप्पांनी कधी माप केलं नाही. बांधकामावर माती वाहिली, पण बाजाराच्या दिशेनं गेले नाहीत. आणि कधी माझ्याशी पूर्वीसारखं बोललेही नाहीत. म्हणून तो दगड आमच्या घरी होता, तात्या. म्हणून मला तो काचेत हवा होता. कुणी हात लावू नये, कुणी विचारू नये, खाली माझ्या अक्षरात एक चांगलं वाक्य असावं, आणि आप्पांनी ते कुठून तरी वाचावं. तुम्ही त्याला देव केलंत तेव्हा मला वाटलं, सगळा बाजार पुन्हा गोळा झाला.

हे सगळं मी त्या दोघींना सांगितलं. उभ्यानंच. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, सुरेखानं त्याला हातानं गप्प केलं.

गोदाक्का झाडूच्या टोकाशी चाळा करत होती. मी वाट बघत होते, ती आता दगडापुढचं वांगं उचलून घेईल. ती म्हणाली, "एकदा लेकीनं बघितलं म्हणून जलमभर माती वाह्यली?"

"हो."

"मग ह्येच्यापरीस खरा मापाडी आजून कुठला आणायचा?" आणि एकदम तिला हसू आलं. "आन् काटा कसा मारत्यात त्ये बी ह्येला ठाव हाय. राखणीला असाच पायजे."

सुरेखा हसली. मी रडत होते आणि मलाही हसू आलं, नाक वाहत असताना हसतात तसं घाण.

मग गोदाक्का म्हणाली, "तात्यांस्नी ठाव हुतं ह्ये?"

"नाही."

"सांगायचं हुतं वं. त्ये म्हणायचं, बाईंच्या पोटात कायतरी हाय. माज्यावर रागावून त्या त्ये झाकत्यात. रागावू द्या म्हणायचं."

रागावू द्या! म्हणजे तुम्हाला कळलं होतं. काय आहे ते नाही, पण काहीतरी आहे हे कळलं होतं, आणि चार वर्षं तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्यात, चोर म्हणवून घेतलंत, आणि दर वर्षी चहा आणलात. कसले हो तुम्ही माणूस.

"उचला आता," गोदाक्का म्हणाली. "आला हायसा तर."

उचलला. लहानपणी आप्पा मला तो उचलू द्यायचे नाहीत, पायावर पडेल म्हणून. जड आहे, तात्या. छातीपर्यंत आणला, धरला, आणि जिथं होता तिथं ठेवला. पिशवीची घडी करून कमरेला खोचली. गोदामात जाऊन कपाटातली ती चिठ्ठी काढली. दुसरी लिहिली नाही.

घरी आले तर सूनबाई दारातच म्हणाली, "आई, हाताला शेंदूर? सकाळी सकाळी कुठल्या देवाला जाऊन आलात?"

म्हटलं, "आप्पांना भेटून आले." मग मी तिला ओट्याशी उभी करून चिंचेची सगळी गोष्ट सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना जरा सोपं गेलं. सोमवारी कॅम्पच्या पोरांना सांगणार आहे, त्या पत्र्याखाली बसवून, ते तिसऱ्यांदा. पहिल्यांदा मात्र ती तुम्हाला सांगायची होती, तात्या. तुम्ही चार वर्षं समोर चहा घेऊन बसला होतात, आणि मी तुम्हालाच गप्प बसवत होते.